रोज एक वाटी सूप

३ मार्च, सोमवार
नर्सबाई म्हणाल्या, पेशंट दिवसभरात काय खातो ते वहीत लिहीत जा, डॉक्टर बघतील. ती वही मुलीकडे दिली. अकरावीत आहे, अक्षर चांगलं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, माझं अक्षर डॉक्टरांना कशाला दाखवायचं. पण वह्या दोन आणल्या होत्या. एक माझी. यात मी मला हवं ते लिहिणार. कोणी वाचायची नाही.

डॉक्टरांचं म्हणणं असं. यांच्या घशातली गाठ औषधाने कमी होतेय. दोन डोस झाले. तिसरा चोवीस तारखेला. पण त्या दिवशी वजन पन्नासच्या खाली असेल तर डोस देणार नाहीत. शरीर सोसणार नाही म्हणे. आजचं वजन साडेपन्नास. दिवाळखोरी नुसती. वर्षापूर्वी बहात्तर होते.

मी सांगितलं, डॉक्टर, टेन्शन घेऊ नका. घरचं चिकन सूप, रोज एक वाटी. चोवीस तारखेला पंचावन्न करून आणते. डॉक्टर हसले. हसू देत.

४ मार्च, मंगळवार
चिकनवाल्याला म्हटलं, पेशंटसाठी आहे, ताजं दे. म्हणाला, ताई, आपल्याकडे सगळं ताजंच. म्हटलं, मग या माशा काय मुलगी बघायला आल्यात. पाय दिले, हाडं जास्त घातली. हाडातच खरी ताकद असते.

आलं, लसूण, कांदा, गाजर, मिरी. कुकरच्या पाच शिट्ट्या. घरभर वास.

घरात तोंडं तीन आणि तऱ्हा तेरा. सासूबाई म्हणाल्या, लसणाचा वास डोक्यात जातो. मुलगी म्हणाली, ज्याला चोच होती ते मी खात नाही. यांचं तोंड आलंय, औषधाने. म्हणाले, मिरी झोंबते.

तीन चमचे घेतले. पण चेहरा वाकडा केला नाही. म्हणजे आवडलं.

६ मार्च, गुरुवार
मिरी बंद केली. हे म्हणाले, नुसतं पाणी लागतंय. म्हटलं, परवा झोंबत होतं, आज पाणी झालं, मधलं काय करू.

यांचा आवाज आता कागद चुरगाळल्यासारखा येतो. वीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. ब्रेक, ब्रेक, असे ओरडायचे तर पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस थांबायचा. आज चमचा जवळ नेला की उजवा पाय जमिनीवर दाबत होते. सवय. मी म्हटलं, मी काय ट्रक आहे का. पण पायात जोर आहे हे दिसलं. पाच चमचे.

८ मार्च, शनिवार
ठरवलं, घरात सगळ्यांना एकच सूप. वेगळं कोणाला नाही. एकाने प्यायलं की दुसरा पितो.

सासूबाई म्हणाल्या, मला दात नाहीत. म्हटलं, आई, सूप चावायचं नसतं. म्हणाल्या, गाजर मध्ये येतं. गाजर काढलं. त्यांच्यासाठी लसूण आधीच काढलेला. यांना कांदा आंबट लागतो, कांदा काढला. चिकनचे तुकडे दिसले की मुलगी ताटावरून उठते, म्हणून तुकडेही बाजूला काढले.

आता सूपमध्ये फक्त सूप राहिलं. तरी कोणी खूश नाही. मुलीने वाटीला हात लावला नाही. सासूबाईंनी बशीत ओतून तासभर फुंकलं आणि तसंच ठेवून दिलं. हे चार चमचे.

हरकत नाही. पहिल्या आठवड्यात कोणाचं काय दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यात दिसेल.

१० मार्च, सोमवार. दुपारी २.३०
आज जमलं.

माझी लाँड्रीतली ड्युटी सकाळची. आठला इस्त्रीच्या टेबलावर उभी राहते ती दोनपर्यंत. म्हणून मुलीला सांगितलं, कॉलेजला जायच्या आधी बाबांना वाटी तू पाज. आले तर वाटी रिकामी. धुवून पालथी घातलेली. यांना विचारलं, सगळं प्यायलात? मान हलवली. मुलीला विचारलं. हो म्हणाली.

माझ्या हातून पीत नाहीत, लेकीच्या हातून पितात. पितात ना, बास.

वाटी पूर्ण.

१३ मार्च, गुरुवार
चार दिवस वाटी पूर्ण. आज यांना हळूहळू चालवत लाँड्रीत नेलं. चार दुकानं सोडून तर आहे. तिथे गाठोडी तोलायचा मोठा काटा आहे, त्यावर उभं केलं. साडेबावन्न. मी सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं.

मालक म्हणाला, ताई, स्वेटर घातलाय, बूट घातलेत. आणि या काट्यावर तीन किलो जास्त येतं, तुम्हाला माहीत नाही का.

मला माहीत आहे. सात वर्षं मीच त्या काट्यासाठी गिऱ्हाइकांशी भांडतेय. पण ते कपड्यांचं. आजारी माणसाला काटा कशाला खोटं सांगेल.

साडेबावन्न लिहून ठेवते.

१५ मार्च, शनिवार
मुलीचा चेहरा भरलाय. वयच आहे. आज मला म्हणते, आई, सूपमध्ये थोडं लिंबू पिळशील का, आणि मीठ जरा वाढव. म्हटलं, तुला काय करायचंय, तू कुठे पितेस. म्हणाली, बाबांना बरं वाटेल. लिंबू पिळलं.

दुपारी यांना विचारलं, लिंबू कसं लागलं. म्हणाले, कुठलं लिंबू. विसरतात हल्ली.

वाटी पूर्ण.

१७ मार्च, सोमवार
यांची पँट खाली घसरते. दोन्ही बाजूंनी टाके घातले. सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. म्हणाल्या, अगं, त्याच्या पाठीला साबण लावताना माझ्या हाताला मणके लागतात. म्हटलं, आई, कपडा सैल झालाय. लाँड्रीत रोज बघते, चार वेळा गरम पाण्यातून काढला की कुठलाही कपडा सैल होतो. माणूस बारीक झाला असता तर मला दिसलं नसतं का.

आईला आपला मुलगा नेहमी वाळलेलाच दिसतो. यांचं वजन बहात्तर होतं तेव्हाही म्हणायच्या, सून पोटभर घालत नाही.

वाटी पूर्ण.

१९ मार्च, बुधवार
आज हे पलंगावरून उठले नाहीत. पोट भरलेलं असलं की माणूस झोपतो.

काट्यावर परत न्यायचं होतं, पण चार दुकानं चालवेना. राहू दे. एकदा बघितलंय.

शेजारच्या शिलाईवाल्या मावशी बघायला आल्या. दारातच त्यांचा चेहरा पडला. जाताना म्हणाल्या, काही लागलं तर सांग. म्हटलं, काय लागणार, सूप तेवढं लागतं, ते आहे. मला असली बघायला येणारी माणसं आवडत नाहीत. दहा मिनिटं बसतात आणि घरातली हवा जड करून जातात.

वाटी पूर्ण.

२१ मार्च, शुक्रवार
चोवीसला तीन दिवस राहिले. वाटी मोठी केली. सकाळी एक, संध्याकाळी एक. पंचावन्न म्हटलंय तर पंचावन्न दाखवायचे.

मुलीला सांगितलं, दोन्ही तूच पाज, तुझ्याच हातून पितात, तर बघतच राहिली. म्हणाली, आई, दोन वाट्या नको ना. म्हटलं, तुला पाजायचा कंटाळा येतो का. ज्या बापाने तुला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला दिलं, त्याला दोन वाट्या पाजवत नाहीत तुला. रडायला लागली. या वयात पोरींना काही बोलायची सोय नाही.

दोन्ही वाट्या पूर्ण.

२२ मार्च, शनिवार
संध्याकाळी मुलीला दोनदा उलटी. कॉलेजबाहेर काहीबाही खात असणार. म्हटलं, घरचं चिकन सूप घे, पोट शांत होईल. ओकारी आली तशी परत मोरीत पळाली.

एक माणूस नीट होतोय तर दुसरं आजारी. मी कुठे कुठे बघू.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळ
सेहेचाळीस.

मी नर्सबाईंना म्हटलं, तुमचा काटा बघा एकदा. त्यांनी परत उभं केलं. सेहेचाळीस. मग मी स्वतः उभी राहिले. माझं बरोबर दाखवलं.

मी डॉक्टरांना सांगितलं, रोज पूर्ण वाटी पितात हो, शेवटी तर दोन पीत होते. डॉक्टरांनी मुलीची वही मागितली. मुलगी देईना. त्यांनी हात पुढे धरून ठेवला, तेव्हा दिली. ते पानं उलटत गेले. मग माझ्यासमोर वही सरकवली.

१० मार्च. सूप ४ चमचे. उरलेलं मी.
१३ मार्च. सूप ३ चमचे. उरलेलं मी.
१५ मार्च. सूप २ चमचे. उरलेलं मी.

सगळ्या पानांवर तसंच. अक्षर सुंदर. २२ला लिहिलंय, सूप १ चमचा, उरलेलं दोन्ही वेळा मी, नंतर उलटी, मला.

चोच होती ते खात नाही म्हणणारी पोरगी. तेरा दिवस नाक दाबून प्यायली.

मी तिला बाहेरच्या बाकावर विचारलं, ओतून द्यायचं होतंस मोरीत. म्हणाली, बाबा म्हणाले ओतू नको, आई सहाला उठून करते. आणि तुला सांगूही नको म्हणाले. वाटी भरलेली दिसली की तू ओरडतेस, आणि तू ओरडलीस की त्यांना जे गिळता येतं तेही गिळता येत नाही.

मी म्हटलं, मी कुठे ओरडले असते.

ओरडले असते.

डोस दिला नाही. दवाखान्यात ठेवून घेतलं, नाकातून नळी घातली, पोटापर्यंत. घालताना हे माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे बघत होते. महिन्याने परत वजन करतील. तोपर्यंत गाठ वाढली तर काय, विचारलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हा बघू. आज हसले नाहीत.

२५ मार्च, मंगळवार
लाँड्रीत गेले. काल यांना धरून नेल्यामुळे हात भरून आलेत, शर्टाच्या कॉलरवर इस्त्री जास्त वेळ राहिली. पिवळा डाग पडला. मालक काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मुलीला म्हटलं, आजपासून तुला सूप नाही. तुला आवडतं ते सांग, करते. म्हणाली, टोस्ट. दोन टोस्ट भाजून दिले. बटर जास्त लावलं. खाल्ले तिने.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी ३
हे घरी आले. नर्सबाईंनी शिकवलंय. सूप पातळ करायचं, दोनदा गाळायचं, कोमट करायचं. सिरिंज उंच धरून नळीतून सावकाश सोडायचं. घाई केली तर उलटी होते. दर तीन तासांनी.

घाई न करता मी आजवर एक गोष्ट केलेली नाही. आज केली. पाऊण तास हात वर धरून बसले.

सूपमध्ये गाजर घातलं, कांदा घातला, लसूण घातला. आता कोणाला काय लागणार. सासूबाई वासाचं काही बोलल्या नाहीत. दारात उभ्या राहून बघत होत्या. पांढऱ्या फडक्यातून गाळलं तर पिवळं पाणी राहिलं, एक वाटी.

सगळं गेलं. पूर्ण वाटी. मी स्वतः सोडली, मीच बघितली, दुसऱ्या कोणी प्यायलेली नाही.

शेवटचा थेंब गेल्यावर हे काहीतरी पुटपुटले. कान जवळ नेला. म्हणाले, आज चांगलं झालंय.

जिभेला थेंबसुद्धा लागला नव्हता.

मी हो म्हटलं. मग नळी साफ व्हायला थोडं साधं पाणी सोडलं, आणि टोपण लावलं.