संशय वगळून बाकी सर्व

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, औषधांच्या दुकानातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी मुद्दाम मागून घेतला, कारण या घरात माझ्या नुसत्या शब्दावर काही चालत नाही.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, हे सर्व माझ्या पश्चात माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना मिळावं. यांच्या पुतण्याला भिंतीतला खिळाही देऊ नये. कारण कलम चारमध्ये आहे.

२. आमचे हे कुलपं दुरुस्त करायचे. त्यांच्या कानशी, चिमटे आणि कोऱ्या किल्ल्या त्यांच्या दुकानातल्या भागीदारांनी न्याव्यात. मी दर महिन्याला तेल लावत आले आहे, त्यांनीही लावावं.

३. टीव्ही वन्संकडेच राहावा. त्यावरची खुनांची मालिका आमचे केस काळे होते तेव्हा सुरू झाली आणि अजून चालू आहे. त्यातल्या इन्स्पेक्टरचे केस मात्र अजून काळेच आहेत. जेवणं उरकली की मध्ये हे आणि दोन बाजूंना आम्ही दोघी, असे बसायचो. शेवटच्या जाहिरातीआधी प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं आणि हरेल त्यानं भांडी घासायची, हा घरचा कायदा. यांची तऱ्हा चोर सोडून संन्याशाला फाशी अशी. दरवेळी बिचाऱ्या वॉचमनचं नाव घ्यायचे आणि बहुतेकदा भांडी घासायला उठायचे. कोणी तारेनं कुलूप उघडलं की चिडून म्हणायचे, इतकं सोपं असतं तर मी उपाशी मेलो असतो. वन्सं दरवेळी म्हणायच्या, बायकोच. त्यांना भांडी क्वचितच घासावी लागली.

तो तास मला फार आवडायचा, हे नाकारत नाही. दुकानात लोक तीच दुखणी घेऊन पुन्हा पुन्हा यायचे, कशाचा म्हणून निकाल लागायचा नाही. इथे मात्र माणूस का मेला हे झोपण्याआधी कळायचं.

४. सहा वर्षांपूर्वी हे झोपेतच गेले. झोपताना रक्तदाबाची गोळी आणि पेलाभर दूध मीच दिलं होतं, रोजच्यासारखं. सकाळी शेजारीपाजारी जमलेले असताना वन्सं माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, “वहिनी, दादाच्या दुधात काय घातलं होतंत?”

पुतण्यानं आधी घराकडे पाहिलं आणि मग पोलिसांना फोन केला. पोलिसांनी पेला कुठे आहे विचारलं. पेला घासून पालथा घातलेला होता. आदल्या रात्री मी हरले होते, म्हणून भांडी माझ्याकडे होती. हे मी परोपरीनं सांगितलं, पण असला कायदा दुसऱ्या कुठल्या घरात नसल्यामुळे कोणाला पटेना. आमच्या मालिकेत पेला घासणारी बाई कधी सुटलेली नाही.

शवविच्छेदन झालं. हृदय बंद पडलं, बाकी काही नाही, असा अहवाल आला आणि पोलिसांनी पेला परत दिला. वन्सं म्हणाल्या की पहिला रिपोर्ट नेहमी साफच येतो. वर्षानुवर्षं तेच पाहिलेल्या माणसापुढे निर्दोष ठरायचं तरी कसं? पुरावा नाही म्हणजे लपवला. रडले तर नाटक, नाही रडले तर काळजाचा दगड.

तरीही आम्ही दोघी रोज मालिका बघतो. एकटीनं बघायचं धाडस दोघींनाही नाही. मधली खुर्ची तशीच आहे. शेवटच्या जाहिरातीआधी आम्ही गप्प होतो आणि मला यांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, वॉचमन. वन्संनाही येत असावा, कारण त्या तेव्हा खुर्चीकडे बघतात.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पडद्यावरची बायको गुन्हा कबूल करते तेव्हा तिच्या जागी मला मीच दिसते. जन्मभर लोकांना औषधं दिली, हात कधी चुकला नाही. पण तो पेला मनात इतक्या वेळा भरून पाहिला आहे की आता दुधाच्या तळाशी काहीतरी दिसल्यासारखं होतं. मी काही घातलं नव्हतं. हे वाक्य सहीशिक्क्यानिशी कुठेतरी असावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

५. घर मिळणार म्हणजे वन्संना हेतू आला. शेवटचं पाणीही त्यांच्याच हातचं असेल, म्हणजे संधी आली. तेव्हा माझं शवविच्छेदन करावं, आणि ते पुतण्यानं फोन करण्याआधी माझ्या इच्छेनं करावं. माझ्या वाट्याला आलं ते त्यांच्या वाट्याला येऊ नये. रागही आहे आणि मायाही आहे, दोन्ही एकाच माणसावर आहेत, त्याला माझा इलाज नाही.

६. हा मसुदा मी आज वन्संना वाचून दाखवला. त्यांनी घर नको म्हणून सांगितलं. लोक माझ्याकडे बोट दाखवतील, म्हणाल्या. म्हटलं, दाखवतील, सवय होते.

मग मी प्रथमच त्यांच्या तोंडावर म्हटलं, “वन्सं, मी काही घातलं नव्हतं.”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण मग दादा गेला कशानं, ते सांगा ना.”

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. जे आहे ते वर लिहून दिलं आहे.

लिहून देणार: वहिनी (सही)

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
साक्षीदार १: औषधांच्या दुकानाचे मालक (सही)
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर (सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च