नाक दोन बोटं खाली

प्रिय नॉरिसदादा,

सादर नमस्कार. वहिनींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का, आणि डॉक्टरांनी बंद केलेलं खारं मांस तू अजून त्यांच्या पाठीमागे खातोस का, हे दोन्ही कळव. (दुसऱ्याचं उत्तर वहिनींकडूनच आलं तर बरं.) इकडे समुद्रकिनारी आम्ही सुखरूप आहोत, एक गोष्ट सोडून. अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझा डावा मोजा ओला झाला.

तू म्हणशील, ऑरिगनच्या पावसात मोजा ओला झाला म्हणून कोणी पत्र लिहितं का? पण मोजा ओला झाला तो घरात. म्हणजे तुझ्या ट्रेलरमध्ये, त्या चाकांवरच्या घरात. बटण दाबलं की टेबल-बाकासकट जी खोली भिंतीतून तीन फूट बाहेर सरकते आणि आपण मोठ्या घरात राहतो असं वाटायला लावते, त्या सरकत्या खोलीच्या कोपऱ्यात, बाकाच्या पायाशी. आणि बाकाखाली काय आहे हे तुला ठाऊक आहे. आमच्या लेकीच्या, टेसच्या लग्नाची गोधडी. तिच्या आईनं, कॉरीननं दोन हिवाळे हातानं शिवलेली. टेसच्या बाळपणीच्या फ्रॉकांचे तुकडे, मध्ये आपल्या आईच्या एप्रनचा निळा चौकोन आणि कडेला लाल काठ, जो ओला झाला की रंग सोडतो असं कॉरीननं मला निदान तीसदा बजावलं आहे. गोधडीच्या खोक्यावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : ‘लग्नाआधी उघडेल त्याचा हात मोडीन.’ लग्न पुढच्या शनिवारी. पाऊस गेल्या शनिवारपासून.

आता कबुली देतो. ट्रेलर देताना तू म्हणाला होतास, ‘लायल, पावसात पुढचं नाक दोन बोटं खाली ठेव, म्हणजे छतावरचं पाणी वाहून जाईल.’ त्यावर मी म्हणालो होतो की मला तिरपं राहायचं असतं तर मी राजकारणात गेलो असतो. सव्वीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलेला माणूस मी. इथे आल्या आल्या पाणसळ काढली, चाकांखाली फळ्या सारल्या, पुढचा जॅक फिरवला आणि पाणसळीतला बुडबुडा असा मधोमध आणला की कॉरीनला बोलावून दाखवला. (ती ‘हं’ म्हणाली. त्या ‘हं’कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.) शेजारी बर्निस पर्डी नावाच्या बाई राहतात. तीस वर्षं लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवला, आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांचा ट्रेलर नाक मुडपून उभा. मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘सरळ करून देऊ का?’ त्या म्हणाल्या, ‘घर राहू दे मास्तर, दाराची पायरी तेवढी डगमगते. जमलं तर बघ.’ बघतो म्हणालो आणि विसरलो.

तर मोजा ओला. कॉरीन गावच्या हॉलवर लग्नाच्या फळांच्या ‘पाय’ची पारी लाटायला गेलेली, अकराला परतणार. मी पेटीसारख्या बाकाचं झाकण उचलायला गेलो, तर फळी पाण्यानं फुगून चौकटीत घट्ट बसलेली. पटाशी घालावी तर झाकण तुझं. छताच्या सांध्यातून थेंब येत होता, सावकाश, आपल्याला कुठे जायचंय हे पक्कं ठाऊक असल्यासारखा, आणि बाकाच्या फटीत शिरत होता. मी मोजत होतो. मिनिटाला नऊ, मग अकरा. मला एकच सुचलं : खोलीच आत ओढून घ्यावी, म्हणजे पावसात राहायलाच नको. बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात खिडकीवर झाडूचा दांडा असा आदळला की मी अर्धा फूट उडालो. बाहेर बर्निसबाई, पिवळ्या रेनकोटात. ‘अरे बोट काढ! डोक्यावर काय घेऊन बसलायस ते बघितलंस का?’

बाहेर जाऊन बघितलं. सरकत्या खोलीवर जे कापड ताणलेलं असतं, त्याला गाभण म्हशीसारखं पोट आलं होतं. खोली आत सरकली असती तर ते अख्खं पोट माझ्या बाकावर मोकळं झालं असतं. मी म्हणालो, ‘गोधडी आहे हो आत.’ त्यांनी नुसती शिडी पुढे केली. मग मी खालून झाडूनं कापड उचलून पाणी बाहेर लोटलं, निम्मं माझ्या बाहीत. त्यांनी शिडीवरून छताच्या सांध्यावरच्या रबरी पट्टीखाली अडकलेली पाइनची सुयांसारखी पानं बोटांनी उपसली. मूठभर सुयांनी पट्टी उचलून धरली होती, म्हणून पाणी साठून आत येत होतं. एवढं झाल्यावर म्हणाल्या, ‘आता नाक खाली घे.’ अकराला सात कमी. दादा, मी जॅक फिरवत होतो आणि बुडबुडा मधून निघून कडेला चालला होता. असं वाटलं, की माझाच विद्यार्थी वर्ग सोडून चाललाय आणि मीच त्याला दार उघडून देतोय. दोन बोटं झाली. छताच्या पुढच्या टोकावरून पाण्याची धार बाहेर पडली. आतला थेंब सहा झाला, दोन झाला, थांबला. कॉरीन आली तेव्हा मी कोरडे मोजे घालून वर्तमानपत्र वाचत होतो. उलटं धरलं होतं, असं तिनं नंतर सांगितलं.

सगळ्यांना नमस्कार. लग्नाला गुरुवारीच या.

तुझा,
लायल

ता. क. : रात्रीच्या जेवणाला कळलं की खोक्यात जॅमच्या बाटल्या आहेत. मी बुडबुडा दाखवला त्याच संध्याकाळी कॉरीननं गोधडी बर्निसबाईंच्या तिरप्या ट्रेलरात नेऊन ठेवली होती. म्हणजे शिडी पुढे करताना त्यांना सगळं ठाऊक होतं.

ता. क. २ : बाकाखालची तुझ्या ट्रेलरची लाकडी जमीन मऊ झाली आहे. अंगठा दाबला की आत जातो. येताना अर्ध्या इंचाच्या प्लायवुडचा दोन फुटी तुकडा आणशील का? वहिनींना सांगू नकोस. (पत्र एवढं लांबलं ते या ओळीपर्यंत यायला धीर होत नव्हता म्हणून.)

ता. क. ३ : आज सकाळी बर्निसबाई बाजाराला गेल्या असताना त्यांच्या तिरप्या दाराशी नवी पायरी ठेवून आलो. एका बाजूचे पाय मुद्दाम दोन बोटं लांब कापले आहेत. माझ्या टेबलावर ती वाकडी दिसत होती. तिथे अगदी सरळ बसली.