बोटीचं डावं इंजिन

२ जानेवारी १९७२, रविवार

प्रेमिलाला उमरेडला कार्ड टाकले. नक्कल इथे ठेवतो, नाहीतर मागून घरातले म्हणतात मी असे लिहिलेच नव्हते.

चि. प्रेमिला हिस सप्रेम जय भीम. तुझी तब्येत कशी आहे? पायावरची सूज उतरली का? जावईबापूंचा खोकला गेला का? तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? सासऱ्यांची प्रकृती उत्तमच असेल, त्यांना काय होते. इकडे तुझी आई बरी आहे, बोलणे चालू आहे. मी ठणठणीत. गाडीची प्रकृती सुधारते आहे. आठवा लागायच्या आत तुला घरच्या गाडीत माहेरी आणतो. उत्तर पाठव.

हे सगळे दातओठ खात लिहिले. परवा उमरेडला ओटीभरणात व्याही गोविंदराव भर पंगतीत म्हणाले, इवाई, तुमची गाडी येईन तवा येईन, पोट का थांबून राह्यते? आमच्या ठेकेदाराची जीप आहे, मी आणून सोडतो. लोक हसले. जावईही हसला. पहिलं बाळंतपण माहेरचं, पोरगी माझी, मेडिकलचा सरकारी दवाखाना माझ्या घरापासून हाकेवर, आणि पोरीला आणणार हे? मी हातातला घास खाली ठेवून सांगितले, जीप नाही, एस.टी. नाही. बाप येईल.

आठव्यात बाईमाणसाला हलवत नाहीत. म्हणजे हा महिना आपला.

४ जानेवारी

गाडीत दोष काहीच नाही. फक्त इंजिन नाही. दोन दाराची लाल हेराल्ड, सहासष्टची, वर कापडी छत. स्पोर्ट गाडी. एका वकीलसाहेबांच्या पुतण्याने पाणी न घालता पळवली आणि इंजिन जाम केले, म्हणून माझ्यासारख्याच्या हाती लागली. आमच्या नागपूरच्या इमामवाड्यात अशी दुसरी दाखवा.

शेजारचा रविंद्र, स्कूटर घेतल्यापासून फार बोलतो. म्हणाला, देवाजीकाका, छान आहे, पावसाळ्यात कोंबड्या ठेवा. त्याला काम उत्तर देईल.

मिलमधून रिटायर झाल्यापासून इंजिनावरचे इंग्रजी पुस्तक डिक्शनरी लावून वाचतो आहे. अर्धे झाले. उरलेल्या अर्ध्यात दिव्यांचीच माहिती असणार.

८ जानेवारी

इंजिन मिळाले. तलावावरच्या जुन्या मोटरबोटीचे, इंग्रजाच्या काळचे. बिडाचा नुसता पहाड. असले लोखंड आता बनत नाही.

भंगारवाले भैय्याजी म्हणाले, बोटीला दोन इंजिनं होती, एक उजवं फिरे, एक डावं, म्हणून बोट सरळ चाले. उजवं कालच गेलं, हे डावं आहे, पाहून घ्या. मी म्हटले, मला बोट चालवायची नाही. गाडीत ते मधोमध बसेल, डावे-उजवे राहतेच कुठे. ते गप्प झाले. घेणाऱ्याला समजते हे पाहिले की विकणारे असेच गप्प होतात.

बायकोने, तुळसाने विचारले, प्रेमिलाच्या खोलीले चुना कधी मारता? बाईला कामाचा क्रम कळत नाही.

१३ जानेवारी

सक्करदऱ्याला नत्थूच्या वेल्डिंगच्या दुकानात. गाडीच्या गिअरबॉक्सला बोटीचे इंजिन बसत नाही, म्हणून मध्ये लोखंडी पाट ठोकला. नत्थू जुना दोस्त आहे, पण भुणभुण फार. भाऊ, बोनेट लागत नाही. भाऊ, पुढची चाकं दबून राहिली. भाऊ, वहिनीले विचारलं का?

बोनेट कापून टाकले. हवा लागेल.

१५ जानेवारी

सुरू झाले. सारा सक्करदरा दणाणला. समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धे सोडले आणि पाहायला आला.

आधी हँडल काही केल्या घेईना. उलट्या बाजूने मारले तेव्हा घेतले. बनवणारा साहेब डावखुरा असावा. नत्थू समोर उभा राहून म्हणतो, देवाजीभाऊ, हे उल्टं फिरून राहिलं. मी म्हटले, तू समोर उभा आहेस म्हणून तुले उल्टं दिसून राहिलं, इकडे येऊन पाह्य. तो इकडे आलाच नाही. कपाळाला हात लावून चहा सांगायला गेला.

माणसाने दुसऱ्याच्या आनंदात निदान गप्प राहावे. घरी आलो तेव्हा तुळसावर ओरडलो. तिचा काही संबंध नव्हता.

१८ जानेवारी

नवीन संकट. बोटीचे इंजिन तलावाचे पाणी ओढून थंड राहत असे. गाडीखाली तलाव नाही. मागच्या सीटवर पिंप ठेवले, त्यातून रबरी नळी. उपाय पूर्णपणे माझा, पुस्तकात नाही.

तुळसा म्हणाली, पिंप मागं बसलं, प्रेमिला कुठं बसन? म्हटले, पुढे. म्हणे, आणि तिची सासू संगं आली तर? आणि ट्रंक? आणि त्या पिंपातलं गरम पाणी अंगावर आलं तर? वं, तुला पोरीची काळजी आहे की मला दोष द्यायचा आहे, असे विचारले. दोन्ही म्हणाली.

२२ जानेवारी

गाडी आमच्या गल्लीत आणली, नत्थूच्या ओळखीच्या बैलगाडीमागे बांधून. बैलगाडीचा इथे उल्लेख नको होता.

सर्वांसमोर बसलो. पहिला गिअर टाकला. गाडी मागे गेली.

रविंद्रची स्कूटर पडली. ती तिथे ठेवायचीच नव्हती. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागे, त्याच्या भिंतीत. पोरे टाळ्या पिटू लागली. तिसरा टाकू नका गा, असे कोणीतरी ओरडले, तो रविंद्रच.

नत्थूने शांतपणे सांगितले: भाऊ, चार गिअर मागं जायले, एक पुढं यायले. रिव्हर्स टाकला की पुढं जाते. मी त्याला बोलू नये ते बोललो. सगळे एका बाजूला, मी एका बाजूला. भैय्याजीने फसवले. स्वच्छ सांगायला हवे होते.

२४ जानेवारी

शांत डोक्याने विचार केला. हा दोष नाही. पोटुशीला हळूच न्यायचे असते आणि पुढे जाणारा गिअर हळूच आहे. कंपनीलाही हे सुचले नाही. नत्थूची माफी मागायची नाही, पण उद्या त्याला संत्री पाठवायची.

गोविंदरावांचे कार्ड आले. जीप पाठवू का, एवढेच. पोस्टमनसमोर फाडले. मग तुकडे जुळवले, कारण खाली प्रेमिलाच्या अक्षरात ओळ होती: बाबा, मी वाट पाहून राहिली.

२९ जानेवारी, सकाळ

निघालो. कापडी छत खाली. तुळसाने पुढच्या सीटवर गोधडी घातली. डोळे पुसत होती. म्हणाली, धुरानं. धूर होता, हे खरे.

२९ जानेवारी, दुपार, दिघोरीच्या पुढे

झाडाखाली लिहितो आहे. पुढच्या गिअरात सायकलवाले मागे टाकून जात होते. एकाने विचारले, काका, ढकलू का? दिघोरीपर्यंत पिंप उकळले. असे संध्याकाळीही उमरेड येणार नाही, म्हणून गाडी फिरवली, तोंड नागपूरकडे केले आणि मागच्या गिअरात उमरेडकडे निघालो. काय पळते. मान मागे वळवून चालवायची एवढेच. नाक्यावरच्या हवालदाराने शिटी मारली. त्याला कळेना की मी येतो आहे की जातो आहे. मला कळत होते.

मग इंजिन बसले. हँडल दोन्ही बाजूंनी मारले. नाही.

उमरेडकडून जीप येते आहे.

२९ जानेवारी, घरी

जीप गोविंदरावांची. मागे व्याहीण, ट्रंक आणि माझी पोरगी. आठवा लागायला आला, बापाचा पत्ता नाही, म्हणून ते स्वतःच घेऊन निघाले होते.

गोविंदराव उतरले, गाडीला चक्कर मारली. म्हणाले, इवाई, नागपूरकडेच चालले ना? तोंड तर तिकडंच आहे. मी मान हलवली. आयुष्यात इतका राग आला नव्हता आणि कोणावर काढावा ते सुचत नव्हते.

प्रेमिला हळूच उतरली. सूज आहे पायावर. सासऱ्यांना म्हणाली, मामाजी, बाबा मलेच आणाले येऊन राहिले होते. आणि माझ्या पुढच्या सीटवर, गोधडीवर जाऊन बसली. व्याहीण ओरडली, तरी हलली नाही. गोविंदरावांनी जीपमधून दोर काढला.

नोंद: प्रेमिला माझ्याच गाडीत माहेरी आली. दोराचा उल्लेख नको.

१४ मे, रविवार

गोविंदरावांना कार्ड टाकले. नक्कल:

श्री. गोविंदराव यांस सप्रेम जय भीम. आपली प्रकृती कशी आहे? ही चौकशी मनापासून आहे. व्याहीणबाईंचा गुडघा? जावईबापूंचा खोकला? जीपची प्रकृती कशी आहे? इकडे प्रेमिला व नात खुशाल आहेत. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी कळा आल्या तेव्हा गाडी काढण्याबद्दल मी काही बोलायच्या आत पोरगी आईचा हात धरून पायीच मेडिकलला निघाली. इंजिन भिवापूरच्या मिरची कांडणाऱ्याला दिले. तो पट्ट्याला एक पीळ देतो, की चाक सुलटे फिरते, त्याचे काम चालते. गाडी अंगणात आहे. नात दुपारी तिच्यातच झोपते. पुढे ढकलली की रडते, मागे ढकलली की झोपते. त्यामुळे मी दिवसभर कामात असतो.

सव्वा महिना होत आला. मायलेकींना उमरेडला पोहोचवायचे आहे. जीप मोकळी असेल तो वार कळवावा. आपला दोर धुऊन ठेवला आहे. उत्तर लवकर लिहावे, कारण तुळसाने एस.टी.चे वेळापत्रक आणले आहे आणि ती मला ते वाचून दाखवते.