मामाचा होकार अन् फोनवरची काच

मु. पो. नांदगाव खंडेश्वर, जि. अमरावती
संक्रांत झाल्यावरचा बुधवार

ती. सौ. मनकर्णाबाईले,

धाकट्या भावाचा, चंद्रभानचा, वाकून नमस्कार. तुझ्या मालकांना, महादेवराव भाटव्यांनाही नमस्कार (त्यांनी घेतला तं, नाही घेतला तं तुझ्यापाशीच राहू दे). तुझे गुडघे कसे आहेत? बाळापूरच्या त्या वैद्याचं तेल लावून राहिली का बंद केलं? भाटव्यांची शुगर आटोक्यात आहे का? म्हैस व्याली का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहाची पद्धत आहे म्हणून लिहितो, बाकी खुशाली काही नाही. तूर घरात आली, हुरडा झाला, पण घास गोड लागत नाही.

तू म्हणशील, पोट्ट्यानं एवढा भारीचा फोन घेऊन दिला अन् हा शहाणा पत्र काहून लिहून राहिला. बाई, तेच सांगाचं आहे. तुझ्या पियुषचं लग्न मी अडवलं नाही. मले काय हौस आली? ते त्या फोनवर लावलेल्या काचेनं अडवलं. पत्र पुरं वाचजो, मधातच फाडू नको. फाडाचंच असन तं शेवटी फाडजो.

दिवाळीले पियुष आला तेव्हा फोनचा डब्बा माझ्या हातात ठेवून म्हणाला, मामा, आता तोंड पाहून बोलत जा. माझे डोळे भरले, खोटं नाही सांगत. अंगणात बाजेवर बसून तो मले फोन शिकवत होता, अन् शिकवता शिकवता त्यानं रागिणीचं नाव काढलं. अकोल्याची आहे, त्याच्याच हापिसात आहे, घरचं वावर आहे, माणसं चांगली आहेत, असं सगळं खाली मान घालून सांगतलं. नाव घेताना पोट्ट्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, अबे भिऊन कायले राहिला, मामा आहे ना. (हे वाक्य आठवलं की मले आता कुठं तोंड लपवू असं होते.) जाताना तो एवढंच बोलला की मामा, याले एक काच बसवून घेजा. बस, तिथून माझ्यामागे साडेसाती लागली.

आता काच लावाची का नाही लावाची, यावर गावात जेवढा खल झाला तेवढा सरपंचाच्या निवडणुकीत झाला नाही. पानठेल्यावर सरळ दोन पार्ट्या पडल्या. आपल्या शेजारचा धर्मपाल म्हणे, कंपनीनं काच पक्कीच देली आहे, तिच्यावर अजून काच म्हणजे स्वेटरवर स्वेटर. (धर्मपालचं ऐकावं असं काही नाही, त्याचा आधीचा फोन विहिरीत पडला आहे. पण बोलते असा की ऐकावंच वाटते.) घरी बायकोचं, शकुनचं म्हणणं उलटं. तुमच्या खिशात पक्कड राहते, चाब्या राहतात, तंबाखूची डब्बी राहते. त्या खिशात लोखंड टिकत नाही, काच काय टिकन? अन् माझं म्हणणं तिसरंच. मी म्हटलं, फोनवर कंपनीची प्लास्टिकची पन्नी आहे ना, मंग बाकी कायले पाहिजे?

बाई, तुले तं माहीत आहे, आपल्या घरात नव्या वस्तूची पन्नी काढत नाहीत. टीव्हीच्या रिमोटची पन्नी अजून आहे. फटफटीच्या सीटची पन्नी उन्हानं वितळून माझ्या पँटीले चिकटली, पण काढली नाही. बाबांनी तं भिंतीवरच्या घड्याळाची पन्नी काढू देली नव्हती; किती वाजले हे पाहाले ते आपल्याले शेजारच्या घरी धाडत. एकदा पन्नी निघाली की वस्तू जुनी झाली, हे आपल्या रक्तातच आहे. त्यात माझा काय दोष?

शेवटी शकुननं बोलून बोलून जीव खाल्ला तेव्हा अमरावतीले गेलो. बस स्टँडजवळच्या दुकानात काच लावून मागतली. तो दुकानदार पहिले पन्नी सोलाले निघाला. मी त्याचा हातच धरला. तो म्हणे, काका, पन्नी काढल्याशिवाय काच बसत नाही. मी म्हटलं, बसते का नाही ते मी पाहतो, गिऱ्हाईक मी आहे. त्यानं दोनदा समजावलं. मंग त्यानं हात जोडले अन् पन्नीवरच काच ठोकून देली. घरी येईपर्यंत काचेखाली हे एवढाले फुगे आले, पापड भाजल्यावानी. जिथं फुगा नाही तिथं फोन बोटाचं ऐके, जिथं फुगा तिथं ठार बहिरा. अन् माझं नशीब असं की फोन आल्यावर उचलाचं हिरवं बटण नेमकं फुग्याखाली, कापाचं लाल बटण नेमकं सपाट जागेवर. पियुषनं रागिणीचा फोटो धाडला तं तोंडावर फुगा. मी साडी पाहिली, मागची तुळशीची कुंडी पाहिली, तोंड काही दिसलं नाही. छान आहे असं तोंडातल्या तोंडात म्हणून मोकळा झालो. तेव्हाच उठून काच काढून आलो असतो तं आज हे लिहाची पाळी आली नसती.

मंग तो दिवस. तू, भाटवे अन् पियुष अकोल्याले रागिणीच्या घरी. तुरीच्या सोंगणीपायी मले येता आलं नाही. आपल्या घरची रीत मले काय नवी आहे? मामानं हो म्हटल्याशिवाय पोरीच्या हातावर साखर ठेवत नाहीत. तुझ्या वेळी सहदेवमामानं वावरात ओरडून हो म्हटलं होतं, ते बाबा मरेपर्यंत सांगत. तू मले सांगतलं होतं, चंद्रभान, मी फोन करीन, उचलजो. बाई, मी त्या दिवशी वावरातून लवकर आलो, आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला. शकुन म्हणे, फोनवर काय सदरा दिसते? मी म्हटलं, होकार द्याचा आहे, मळक्या बंडीत कसा देऊ?

फोन वाजला. मी हिरव्यावर बोट ठेवलं. काही नाही. दाबलं. काही नाही. घासलं, तं बोट घसरून लाल्यावर गेलं, अन् कटला. मी उलटा लावाव तं तू तिकडून लावून राहिली, लाईन बिझी. परत वाजला, परत लाल. बोट ओलं करून पाहिलं, सदऱ्याले पुसून पाहिलं, शकुनचं बोट लावून पाहिलं. तिचंही लाल्यावरच गेलं. मी त्या फोनकडे पाहून ओरडून ओरडून सांगत होतो, हो आहे, मले पसंत आहे, हो! सगळ्या गल्लीनं ऐकलं. अकोल्यात तेवढं ऐकू गेलं नाही.

अन् तिकडे काय झालं ते मले भाटव्यांनी सायंकाळी धर्मपालच्या फोनवर सुनावलं. भरल्या बैठकीत सगळ्यांच्या समोर मामा फोनावर फोन कापून राहिला. पोरीच्या बापानं हात जोडून म्हटलं, मामाले पोरगी पसंत नसन तं घाई कायले, अन् साखरेची वाटी उचलून आत नेली. तुमी पोहे खाऊन उठले. पियुषनं तं पोह्यांले हातही लावला नाही, हेही भाटव्यांनी सांगतलं. ते ऐकून माझ्यानं राहवलं नाही. मी तिथंच धर्मपालच्या फोनवरून तुले लावला. तू माझा आवाज ऐकला अन् कापला. (तुझ्या फोनवर तं काच नाही.)

दुसऱ्या दिवशी त्या काचेचा सोक्षमोक्ष लावाले निघालो, तं फटफटीवर चढताना फोन खिशातून निसटून ओट्याच्या दगडावर पडला. वरून खालवर तडे गेले, कोळ्याचं जाळंच. आता त्यावर बोट फिरवलं तं बोट कापन. म्हणून हे पत्र. काच लावली तं फोन उचलता आला नाही, अन् काच लावून काही फोन वाचला नाही. धर्मपाल पानठेल्यावर मले ऐकवून ऐकवून हसून राहिला. हसू दे. मले त्याचं काही नाही. मले त्या पोट्ट्याचे लाल झालेले कान दिसतात, अन् काही सुचत नाही. मोठ्या तोंडानं मामा आहे ना म्हटलं अन् मामानंच तोंडघशी पाडलं. बाई, चुकलो. दुकानदाराचं ऐकलं असतं तं तुझा लेक आज हसत असता.

भाटव्यांची माफी मागतो, तुझीही मागतो. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना दंडवत, अन् म्हशीले चारा घालताना माझी आठवण ठेवजो.

तुझा धाकटा,
चंद्रभान

ता. क. येत्या रविवारी मले अकोल्याले घेऊन चाल. पोरीच्या बापाचे पाय धरतो अन् रागिणीच्या हातावर साखर मी सोता ठेवतो. तिचं तोंड मी पाहिलं नाही, पण तिचं नाव घेताना पियुषचं तोंड पाहिलं आहे. मले तेवढं पुरे.

आणखी ता. क. पियुषले काचेचं काही सांगू नको. काच लावाले त्यानंच सांगतलं होतं, त्याले वाईट वाटन. माझंच डोकं फिरलं होतं असं सांगजो.

बाई, हे खालचं मी लिहून राहिली, शकुन. पाकीट चिकटवाले माझ्यापाशी देलं म्हणून वाचलं. फोन फुटला नाही. फुटली ती वरची काच. हे त्याच दिवशी अमरावतीले गेले, दुकानातल्या माणसानं काच अन् पन्नी दोन्ही सोलून काढली, खाली फोन जसाच्या तसा निघाला, अन् हिरवं बटण आता नुसतं टेकलं तरी चालते. धर्मपालभाऊंना मी तसं सांगूनही आली. पण हे रोज फोनवर तुमचं नाव काढतात, पाहतात, अन् फोन खाली ठेवतात. तुमी परत कापसान म्हणून भेतात. जेवणही धड नाही. तं तुमीच एक फोन करा. उचलाचं काम माझं, मी त्यांच्या कानाले लावून धरीन. तिकडून आवाज नाही आला तं ते रडून राहिले असं समजजा, अन् तोच होकार धरजा.