मुनीरकाकांनी छापलेलं मरण

बैरूत

प्रिय सुहाद,

तीन वर्षांपूर्वी तू मॉन्ट्रियलहून लिहिलं होतंस, त्या गल्लीत आता माझं कोण राहिलंय? मला इतका राग आला की उत्तरच लिहिलं नाही. आज लिहितेय.

तुझ्या बाबांचा छापखाना होता ना, तिथे आता स्मारक झालंय. यादवीत मारल्या गेलेल्या आपल्या गल्लीतल्या माणसांची नावं, एका दगडावर. चार-पाच तरुण पोरांनी घरोघरी फिरून, भिंतींवर लावतात ती जुनी मरणपत्रकं जमवली, त्यांचं पुस्तक केलं आणि पुस्तकावरून दगड कोरून घेतला. शाळेत जे आपल्याला कुणी शिकवलं नाही, ते या पोरांनी केलं. मला त्यांचं भारी कौतुक. फक्त झालं असं की तुझ्या बाबांच्या, मुनीर इतानींच्या, शेजारीच शुक्री हद्दाद हे नाव कोरलं गेलं. म्हणजे माझे बाबा! उद्घाटनाला ते पहिल्या रांगेत बसले होते.

पोरांचा काय दोष? पत्रक तर होतंच. शहराच्या मुसलमान बाजूला आम्ही ख्रिस्ती, बंदूकवाले बाबांना शोधत दोनदा येऊन गेलेले. तेव्हा मुनीरकाकांनी लग्नपत्रिकांचं काम बाजूला सारून बाबांच्या मरणाचं पत्रक छापलं आणि गल्लीभर चिकटवलं. पत्रक लागलं म्हणजे माणसं भेटायला येणारच, हे मात्र त्या शहाण्याच्या लक्षातच आलं नाही. मग काय, तीन दिवस काका आमच्या दारात सख्ख्या भावासारखे उभे राहिले, आल्यागेल्याला दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी ओतत. बाबा स्वयंपाकघरावरच्या माळ्यात. जन्मभर बाबांशी भांडलेला बेकरीवाला जिर्यिस ढसाढसा रडत म्हणाला, "असा माणूस पुन्हा होणे नाही." शोधणाऱ्यांतला एकजणही येऊन बसला, आणि नेमके तेव्हाच बाबा वर शिंकले. तुझ्या बाबांनी असा हंबरडा फोडला की तो बंदूकवालाच त्यांची पाठ थोपटत बसला. नंतर माळ्यावर मसुराची खिचडी नेऊन देताना काका म्हणाले, "शुक्री, मेल्यावर फार चांगला झालास रे तू. आता असाच राहा." चौथ्या दिवशी जिर्यिसच्या पावाच्या गाडीतून आम्ही सगळे पलीकडे, ख्रिस्ती भागात पोचलो.

दोन वर्षांनी छापखान्यावर तोफगोळा पडला. आम्हाला गल्लीत यायचे सगळे रस्ते बंद होते. तुझ्या बाबांच्या कॉफीला नऊच माणसं आली, हे तूच मला नंतर सांगितलंस. यादवी संपून आम्ही गल्लीत परतलो, तरी बाबांना ते शेवटपर्यंत सलत होतं. म्हणायचे, माझ्या खोट्या मरणाला तो तीन दिवस उभा राहिला आणि त्याच्या खऱ्या मरणाला मी नव्हतो. म्हणून पोरं ओशाळून नाव खोडायला निघाली तेव्हा बाबा त्यांच्यावरच खेकसले, "राहू द्या. शेजार मोडू नका आमचा." त्यानंतर रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन ते त्या दगडापाशी बसायचे आणि मुनीरकाकांना गल्लीच्या बातम्या सांगायचे. सुहाद, मी आज आजी झालेय ती त्या एका कागदामुळे. हे तुला कधी नीट सांगितलंच नाही मी.

गेल्या मंगळवारी बाबा गेले. पत्रक लावलं तर निम्मी गल्ली म्हणाली, "पुन्हा?" आणि मग रडली. पत्रकात मुलींची नावं छापलीत: लोरिस आणि सुहाद. तुला विचारलं नाही. तुझ्या बाबांनी तरी कुठे कुणाला विचारलं होतं! तीन दिवस माझ्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी ठेवली. येणारा प्रत्येकजण माझ्यानंतर तिच्याकडे बघून विचारायचा, मुनीरची पोर कधी येतेय? मी सांगून टाकलंय, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला. तेव्हा ये. सगळी गल्ली येणार आहे. या वेळी दोघांची कॉफी आपण मिळून ओतू.

तुझीच बहीण,
लोरिस