नऊ नंबरची पाचर

३ मार्च, मंगळवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे.

पाचर तासत बसलो होतो. चाकू बाजूला ठेवून हे लिहितोय, नाहीतर विसरेन. इंग्रजीच्या क्लासच्या बाई काल म्हणाल्या — वस्तू घडवायची तर 'मेक', काम उरकायचं तर 'डू'. आपल्याकडे दोन्हीला 'करणे' एकच. किती बरं! वाक्यं केली : आय मेक अ वेज, म्हणजे पाचर. आय डू माय वर्क. दोनदा तपासली. बरोबर आहेत.

कारखान्यातल्या नऊही मशीनच्या पाचरी मीच करतो. प्रत्येक मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा ठोकळा पत्र्यावर आदळतो. पण तसं करत बसलं तर दिवसाचा आकडा भरत नाही. म्हणून एका बटणात पाचर ठोकायची, की एक हात पत्रा सरकवायला मोकळा. माझी पाचर कधी सुटत नाही. 'कारागीर आहेस लेका!' — नऊ नंबरवरचे काका. काम त्यांनीच शिकवलं मला.

इंग्रजी जमलं की ऑफिसात घेतो, असं मॅनेजर म्हणालाय. जमायलाच हवं. मशीनची अजून भीती वाटते.

५ मार्च

काकांची तीन बोटं गेली. डाव्या हाताची. पत्रा अडकला म्हणून हात आत घातला आणि उजवं कोपर बटणाला लागलं. दुसऱ्या बटणात माझी पाचर. पक्की! आवाज रोजच्यासारखाच आला. मग काका ओरडले.

एक बोट पत्र्याला चिकटलं होतं. मी ते रुमालात घेतलं. गरम होतं.

मॅनेजर धावत आला. आधी बाकीच्या आठ मशीनच्या पाचरी उपटून खिशात कोंबल्या. मग काकांकडे वळला.

६ मार्च

अपघाताचं रजिस्टर इंग्रजीत भरतात. अक्षर चांगलं म्हणून मला बोलावलं. मॅनेजर : 'लिही. नऊ नंबरवाल्याने एकट्यानेच चोरून पाचर मारली होती. आम्हाला पत्ता नव्हता.'

मी म्हटलं, 'साहेब, पाचरी तर सगळ्याच —'

त्याने मान धरून माझं डोकं टेबलावर आपटलं. भुवई फुटली. 'आणि केल्या कोणी रे? तुझं नाव घालू?'

लिहिलं. 'लूज' की 'मिस', इथे अडलो. हातचं गेलं तर 'लूज'. गाडी चुकली तर 'मिस'. 'लॉस्ट थ्री फिंगर्स.' पानावर रक्ताचा थेंब पडला, तो टिपला. स्पेलिंगची एकही चूक नाही.

९ मार्च

ऑफिसात खुर्ची मिळाली. पंख्याखाली.

११ मार्च

दवाखान्यात गेलो. काकू त्यांना बशीने चहा पाजत होत्या.

'काय लिहिलंस ते सांग,' काका म्हणाले. 'आपल्या भाषेत.'

'रजिस्टर ऑफिसात आहे, काका.'

'तोंडपाठ असेल तुला. मी ओळखत नाही होय तुला?'

तोंडपाठच होतं. इंग्रजीत एका दमात लिहून गेलो होतो. मराठीत दोनदा अडलो. सगळं सांगितलं.

'चोरून?'

मग मारलं. चांगला हात गादीवर मोकळा होता, तो नाही. बँडेजचाच हात, तोंडावर, दोनदा. बँडेज लाल झालं. काकूंनी किंचाळून त्यांना धरलं.

'घरी बसून तासल्यास तू. आणि चोर मी!'

१२ मार्च

सकाळी रजिस्टरात त्या मजकुराखाली खरं ते लिहिलं. नऊ पाचरी मी केल्या, सगळ्या मॅनेजरला माहीत होत्या. या वेळी कुठलं क्रियापद घालू, असं अडलो नाही.

मॅनेजरने वाचलं. मला स्टोअरमध्ये ओढलं, कडी लावली. लोखंडी पट्टीने बडवलं — पाठीवर, नडग्यांवर, पडल्यावर बरगड्यांत लाथ. एक दात पडला. पान माझ्यासमोर फाडलं, पेटवलं.

श्वास घेतला की कळ येते. हळूहळू लिहितोय.

१३ मार्च

अकराला सरकारी निरीक्षक येणार. रजिस्टर नवं आणलंय, अक्षर दुसऱ्याचं. खरं लिहिलेली आता ही एवढी एकच वही.

पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव घातलं. वही न्यायला काकू दारात उभ्या आहेत. आधी त्या वाचतील, मग निरीक्षक.