पिवळ्या स्टिकरच्या बाटल्या

बदलापूर, मंगळवार

आमच्या प्रयोगातले बोअरचं पाणी पिणारे म्हातारे उंदीर फिल्टरवाल्यांइतकेच ठणठणीत कसे? ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींची आतून गंजल्यासारखी झीज, दोन्हीकडे सारखीच. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी मूर्ख, सरांना सांगून मोकळी झाले की पाण्याने काही फरक पडत नाही.

संध्याकाळी निघताना प्राणीघरात डोकावले. पिंजऱ्यांचं काम बघणारे भोईरकाका पिवळ्या स्टिकरच्या, म्हणजे बोअरच्या, बाटल्या भरत होते. फिल्टरच्या कॅनमधून!

"काका, हे काय?"

ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. "म्हातारी जनावरं ती, मॅडम. आमचा म्हातारा बैल होता, त्याला पन बोअरचा खारा पानी नाय पाजला कधी."

"कधीपासून करताय?"

"पयल्या दिवसापासून."

सगळ्यांसमोर ओरडले त्यांच्यावर. पाच महिन्यांचं काम पाण्यात. उद्या सरांना काय सांगू? काकांचं नाव घेऊ का? पिवळं स्टिकर बघूनही त्यांनी हे केलं, यालाच चूक म्हणायचं ना?

घरी आले तर सोसायटीत आज नळाला बोअरचंच पाणी. सासूबाई तेच पितात, फिल्टरचं त्यांना बेचव लागतं. मी गुपचूप त्यांचा तांब्या ओतला, फिल्टरच्या पाण्याने भरला आणि होता तिथे ठेवला.

त्या घटाघटा प्यायल्या. मीही जरासुद्धा ओशाळले नाही.